५४ लाखांचा अंगठा

खोट्या खाते क्रमांकाच्या मेलने ५४ लाख भलतीकडे गेल्याचं हे प्रकरण कुणा एका कारखान्याचं नाही. विदर्भाच्या कापूसपट्ट्यात जिनिंगच्या, म्हणजे कापसातून सरकी काढून रुईच्या गठाणी बांधणाऱ्या कारखान्यांच्या, ऑफिसांतून ज्या सवयी दिसतात, त्या एका छताखाली आणून मालक-संचालकांच्या चर्चेसाठी ते रचलं आहे. माणसं आणि व्यवहाराचे आकडे म्हणून रचलेले. कायदे, तारखा आणि बँकेचे नियम मात्र खरे.

ऑफिस आणि माणसं

यवतमाळ जिल्ह्यात वणीहून मारेगावमार्गे पांढरकवड्याकडे जाणाऱ्या पट्ट्यातली एक जिनिंग-प्रेसिंग. वडिलांनी उभी केलेली, आता मुलगा चालवतो. मुलगा चाळिशी ओलांडलेला, सगळे त्याला भाऊ म्हणतात. वडील, म्हणजे आबाजी, अजून सकाळी दोन तास गादीवर येऊन बसतात आणि कापसाची बोंडं बोटांत चोळून दरावर मत देतात. हिशेब दिवाणजींकडे, बावीस वर्षं तेच. वजनकाट्यावर एक तरुण ऑपरेटर. सीए यवतमाळला.

ऑफिसात तीन कॉम्प्युटर. दिवाणजींचा, टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर असलेला, काट्यावरचा, आणि भाऊंच्या टेबलावरचा, ज्यावर भाऊ कधीच बसत नाहीत. भाऊंचं ऑफिस म्हणजे त्यांचा मोबाइल.

दिवाळी सरली की फाटकाबाहेर कापसाच्या गाड्या लागतात आणि फेब्रुवारीपर्यंत भाऊंना जेवायची वेळ उरत नाही. सकाळी काट्यावर पहिली गाडी, मग दलालाचा भाव सांगणारा फोन, मग ओलावा ८ टक्के की १२ यावरून शेतकऱ्याशी घासाघीस, सरकीचा व्यापारी, हमालांची तक्रार, कॅश क्रेडिटसाठी, म्हणजे मालाच्या तारणावरच्या कर्जासाठी, स्टॉक स्टेटमेंट द्या म्हणून बँकेचा तगादा. डोक्यात कायम आगीची धास्ती. या सगळ्यात दर थोड्या वेळाने एकच हाक:

"भाऊ, ओटीपी आला काय?"

कारण सगळं भाऊंच्या एकाच नंबरावर नोंदलेलं. बँक, जीएसटी, मेल, वीजबिल. गठाणींची गाडी निघायची तर ई-वे बिल, म्हणजे मालाच्या वाहतुकीचा ऑनलाइन काढायचा जीएसटीचा कागद, लागतं. ई-वे बिलाच्या पोर्टलवर लॉगिन करताना ओटीपी देणं मोठ्या उलाढालीच्या धंद्यांना आधीच सक्तीचं होतं, १ एप्रिल २०२५ पासून ते सगळ्यांनाच झालं. नियम सुरक्षेसाठीच आला. या ऑफिसात त्याचा परिणाम असा झाला की भाऊ दिवसभर आकडे वाचून दाखवू लागले. ओटीपी कशाचा आहे, त्या मेसेजमध्ये वर काय लिहिलंय, हे वाचायचं त्यांनी कधीच सोडून दिलं होतं. फोन कानाला, नजर गाडीवर, तोंडाने सहा आकडे.

नेटबँकिंगचा युजर आयडी आणि पासवर्ड दिवाणजींच्या डायरीत. भाऊंच्या डिजिटल सहीचा पेनड्राइव्हसारखा टोकन सीएच्या ऑफिसातल्या ड्रॉवरमध्ये, पिन त्यावरच चिकटपट्टीने लावलेला. मेलचा पासवर्ड चौघांना ठाऊक.

शुक्रवार

कोईमतूरकडच्या एका सूतगिरणीला दोन लॉट गेले होते. लॉट १०० गठाणींचा, गठाण १७० किलोची. म्हणजे ३४ टन रुई. खंडी ३५६ किलोची धरली तर साधारण ९५ खंड्या. खंडीला ५४ हजारांचा भाव आणि वर ५ टक्के जीएसटी धरून बिल ५४ लाखांच्या घरात गेलं. व्यवहार दलालामार्फत, गिरणी जुनी, पैसे नेहमी वेळेवर.

त्या आठवड्यात गिरणीच्या अकाउंट्स विभागाला जिनिंगच्या नेहमीच्या मेलवरून एक पत्र आलं. आमच्या कॅश क्रेडिट खात्याचं ऑडिट सुरू आहे, तोवर रक्कम सोबतच्या चालू खात्यात टाकावी. खाली लेटरहेडवर सही-शिक्का. मेलचा पत्ता खरा, लेटरहेड खरं, बिलाचा नंबर खरा, लॉटचे नंबरही खरे. खोटा होता तो फक्त खाते क्रमांक.

गिरणीतला माणूस बेसावध नव्हता. त्याने भाऊंना फोन केला. भाऊ काट्यावर होते, फोन कापला गेला. मग त्याने व्हॉट्सॲपवर विचारलं: मेलमधल्या नव्या खात्यावर टाकू का, कन्फर्म करा. त्याच मिनिटाला ट्रान्सपोर्टवाल्याचाही मेसेज आला होता की गाडी सोडतो. भाऊंनी एका हाताने दोन्हीकडे अंगठ्याचं चित्र पाठवलं आणि फोन खिशात टाकला.

चार वाजून काही मिनिटांनी आरटीजीएस झालं, म्हणजे मोठी रक्कम एका बँकेतून दुसरीत थेट गेली.

१४ डिसेंबर २०२० पासून आरटीजीएस चोवीस तास, बारा महिने चालतं. त्याआधी शुक्रवारी संध्याकाळी पाठवलेला पैसा बँक उघडेपर्यंत अडकून पडायचा. आता चोरालाही सुट्टी नसते. दुसरा शनिवार, मग रविवार. सोमवारी सकाळी दिवाणजींनी स्टेटमेंट पाहिलं, जमा दिसली नाही, म्हणून गिरणीत फोन लावला. तिकडून उत्तर आलं की शुक्रवारीच पाठवले, यूटीआर नंबर (व्यवहाराचा ओळख क्रमांक) घ्या.

सोमवारचे वाया गेलेले तास

सोमवारी जे घडलं ते शुक्रवारपेक्षा जास्त शिकण्यासारखं आहे, म्हणून जरा सविस्तर.

पहिला तास संशयात गेला. खातं बदलल्याचा मेल ऑफिसच्या मेलवरून गेला, तो मेल दिवाणजी हाताळतात. भाऊ चिडून बोलून गेले:

"दिवाणजी, पासवर्ड कोणाले देल्ला काय तुम्ही?"

"बावीस वर्षं झाले भाऊ, तिजोरीची किल्ली माह्याजवळ हाये. आज ईचारता?"

दिवाणजी त्यानंतर दिवसभर बोलले नाहीत. नेमकं त्याच दिवशी त्यांनी बोलणं सगळ्यात गरजेचं होतं, कारण मेलमध्ये काय नेहमीचं आणि काय वेगळं हे त्यांनाच कळलं असतं.

काट्यावरच्या ऑपरेटरने मेल उघडून पाहिला आणि घाबरून दिसेल ते विचित्र पुसायला सुरुवात केली. सेटिंग्जमध्ये एक फिल्टर सापडला. गिरणीच्या पत्त्यावरून येणारा प्रत्येक मेल वाचलेला म्हणून नोंदवून थेट कचऱ्यात टाकायचा, असा. म्हणूनच गिरणीची उत्तरं ऑफिसात कुणाला दिसली नव्हती. त्याने तो फिल्टर काढून टाकला, स्क्रीनचा फोटो न काढता. पुरावा गेला.

दुसरे दोन तास तालुक्याच्या पोलीस ठाण्यात. माहिती तंत्रज्ञान कायद्याखालच्या गुन्ह्याचा तपास निरीक्षकापेक्षा खालच्या दर्जाच्या अधिकाऱ्याला करता येत नाही, कलम ७८ तसं सांगतं. त्यामुळे जिल्ह्याच्या सायबर ठाण्याचा रस्ता दाखवला गेला. भाऊ गाडी काढून यवतमाळला निघाले.

या सगळ्यात १९३० हा नंबर कुणीच लावला नाही. आर्थिक सायबर फसवणुकीसाठी केंद्र सरकारची ही हेल्पलाइन आहे. इथे तक्रार नोंदली की पैसा ज्या बँकेत गेला तिथे आणि तिथून पुढे जिथे सरकला तिथे, उरलेली रक्कम गोठवायचा निरोप जातो. तीच तक्रार सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन या पोर्टलवरही करता येते. इथे एक पेच होता. पैसे भाऊंच्या खात्यातून गेलेच नव्हते, ते गिरणीच्या खात्यातून गेले होते. म्हणून यूटीआर, वेळ आणि बँकेचा तपशील घेऊन तक्रार गिरणीनेच करायला हवी होती. भाऊंनी गिरणीला सांगायची पहिली गोष्ट ही होती. प्रत्यक्षात दोघांचं दुपारपर्यंत फोनवर चूक कोणाची यावर भांडण चाललं. गिरणीची तक्रार नोंदली गेली ती संध्याकाळी. तोवर पैसा अनेक भाड्याच्या खात्यांतून फिरून बहुतेक काढला गेला होता. नऊ लाख गोठले.

क्रम असा हवा होता: आधी गिरणीकडून १९३० आणि तिच्या बँकेला फोन, त्याच वेळी जिनिंगकडून पुराव्यांचे फोटो, आणि पोलीस ठाणं त्यानंतर. पुरावा म्हणजे फिल्टरचं पान, जीमेलच्या तळाशी उजव्या कोपऱ्यातल्या 'डिटेल्स'वर दिसणारी अलीकडच्या लॉगिनची यादी, आणि तो मूळ मेल त्याच्या पूर्ण हेडरसकट, म्हणजे तो कुठून कसा आला याच्या तांत्रिक नोंदीसकट, उतरवून घेतलेला. नुसत्या मेलची प्रिंट काढून नेली तर तपासणाऱ्याच्या हाती फारसं काही लागत नाही.

चोर आत कसा आला

याला कुणी मोठा हॅकर लागला नाही. दिवाळीच्या सुमारास ऑफिसच्या मेलवर 'मेलबॉक्स भरला आहे, सुरू ठेवण्यासाठी लॉगिन करा' असा मेल आला होता. काट्यावरच्या कॉम्प्युटरवर कुणीतरी पासवर्ड टाकला. कुणी, हे शोधण्यात अर्थ नाही. पासवर्ड चौघांचा होता. दुहेरी तपासणी, म्हणजे पासवर्डनंतर आणखी एक कोड मागणं, सुरू नव्हती.

नव्या ठिकाणाहून लॉगिन झाल्याची सूचना गूगलने पाठवली असणार. पण हा मेल उघडून दिला होता काही वर्षांपूर्वी नोकरी सोडून पुण्याला गेलेल्या एका कॉम्प्युटरवाल्या पोराने. रिकव्हरीचा नंबर त्याचा, रिकव्हरीचा मेल त्याचा. धोक्याच्या सूचना इतकी वर्षं त्याच्या इनबॉक्सात पडत होत्या. त्याने त्या न वाचता सोडल्या, यात त्याचा दोष काय?

आत आल्यावर चोराने घाई केली नाही. त्याने बिलं वाचली, कोणाचे पैसे कधी येतात ते पाहिलं, लेटरहेड उचललं, फिल्टर लावला आणि मोठं बिल निघायची वाट पाहिली. धंद्याच्या मेलमध्ये शिरून खातं बदलायला लावणारी ही फसवणूक जगभर चालते. अमेरिकेत एफबीआयकडे एकट्या २०२३ सालात अशा २१,४८९ तक्रारी आल्या, नुकसान २.९ अब्ज डॉलरचं. २०१३ ते २०१५ मध्ये लिथुआनियाच्या एका माणसाने तैवानी पुरवठादाराच्या नावाने खोटी बिलं पाठवून गूगल आणि फेसबुक या दोघांकडून १० कोटी डॉलरहून जास्त उकळले होते. आबाजी दोन दिवस "आमच्या काळी असं नव्हतं" म्हणत होते, त्यांना हे सांगितल्यावर थोडा आराम पडला.

मग चूक कुठे?

सगळ्यांचं बोट पासवर्डकडे जातं. पासवर्ड कमजोर होता, हे खरंच. पण मेल फुटल्यावरही हा पैसा वाचला असता, कारण गिरणीच्या माणसाने विचारलं होतं. त्याचा प्रश्न खऱ्या मालकाच्या खऱ्या नंबरावर पोहोचला होता. चोराचा डाव तिथे फसायला हवा होता. तो चालला, कारण भाऊंचा दिवसच असा होता की कोणताही प्रश्न वाचायला त्यांच्याकडे दहा सेकंदं नव्हती.

मालकांना सुरक्षेवर सल्ला देणारे बहुतेक लोक इथेच चुकतात असं मला वाटतं. ते कामाचा वेग आणि सुरक्षा यांना एकमेकांच्या विरुद्ध उभं करतात: सुरक्षित राहायचं तर कामं मंदावतील. या ऑफिसात उलटं होतं. प्रत्येक गोष्ट मालकाच्या मोबाइलवरून गेल्यामुळे कामंही खोळंबत होती आणि त्याच कारणाने मालक न वाचता हो म्हणत होता. रोग एकच होता.

अंगठ्याच्या चित्राला किंमत काय, हा प्रश्न भाऊंनी पहिल्या रात्री विचारला. कॅनडातल्या सस्कॅचेवान प्रांतात २०२३ मध्ये एक निकाल लागला. धान्य खरेदी करणाऱ्या कंपनीने शेतकऱ्याला ८७ टन जवसाच्या कराराचा फोटो मोबाइलवर पाठवला, शेतकऱ्याने अंगठ्याचं चित्र पाठवलं आणि पुढे जवस दिला नाही. कोर्टाने ते चित्र म्हणजे संमतीच धरली आणि त्याला ८२ हजार डॉलरहून जास्त भरायला लावले. तो निकाल आपल्याकडे बंधनकारक नाही. पण जवस आपल्याकडेही पिकतो आणि सावकाराच्या कागदावर न वाचता उठवलेल्या अंगठ्याचं काय व्हायचं हे या भागाला कॅनडाने सांगायची गरज नाही.

बँकेकडून काही निघण्यासारखं नव्हतं. आरटीजीएस आणि एनईएफटीत रक्कम खाते क्रमांकावरून जमा होते. बरोबर क्रमांक देणं ही पाठवणाऱ्याची जबाबदारी. ग्राहकाची जबाबदारी मर्यादित करणारं रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक ग्राहकाच्या परवानगीशिवाय झालेल्या व्यवहारांसाठी होतं. इथे पैसे गिरणीने स्वतः पाठवले होते.

शेवटी दलाल मध्ये पडला. दोन्ही बाजू पुढची दहा वर्षं एकमेकांशी व्यवहार करणार आहेत, कोर्टात गेलात तर वकिलांचं घर बांधून होईल, असं त्याने रोखठोक सांगितलं. नुकसानीतला निम्म्याहून थोडा कमी वाटा जिनिंगने उचलायचा आणि तो पुढच्या लॉटांतून हप्त्याने वळता करायचा, असं ठरलं. गोठलेले नऊ लाख सुटले की त्याच प्रमाणात वाटून घ्यायचे.

काय बदललं

सीएच्या ऑफिसातल्या एका मुलीने आठवडाभर येऊन बसून हे काम केलं. तिने सुरुवात कॉम्प्युटरपासून केली नाही. तिने भाऊंच्या फोनवर एका दिवसात आलेले मेसेज आणि कॉल कागदावर लिहून काढले आणि प्रत्येकापुढे एकच गोष्ट विचारली: हे भाऊंनाच का आलं?

ई-वे बिलाचे ओटीपी सगळ्यात जास्त निघाले. त्या पोर्टलवर सब-युजर, म्हणजे त्याच खात्याखाली दुसऱ्या माणसाचं वेगळं लॉगिन, करता येतात आणि त्यांचा ओटीपी त्यांच्याच मोबाइलवर जातो. ही सोय होती, कुणी वापरली नव्हती. काट्यावरच्या ऑपरेटरच्या नावाने सब-युजर झाला आणि भाऊंचे अर्धे फोन त्या दिवशीच थांबले. टॅलीतही प्रत्येकाला स्वतःचा युजर. मेलचा पासवर्ड आता फक्त भाऊंकडे; जीमेलमध्ये पासवर्ड न देता दुसऱ्याला मेल वाचायची-पाठवायची परवानगी देता येते, ती दिवाणजींना दिली. रिकव्हरीचा नंबर बदलला. बाकी सगळ्या ठिकाणांहून लॉगआउट केलं. पासवर्ड बदलल्याने फिल्टर आणि फॉरवर्डिंग आपोआप जात नाहीत, ते वेगळे तपासून काढले. दुहेरी तपासणीसाठी एसएमएसऐवजी फोनमध्येच कोड तयार करणारं ऑथेंटिकेटर ॲप घेतलं, कारण कारखान्याच्या पत्र्याखाली टॉवर येत-जात राहतो आणि या ॲपला नेटवर्क लागत नाही. बॅकअप कोड छापून तिजोरीत ठेवले.

बँकेसाठी तिने सुचवलेला उपाय ऐकून भाऊ हसले: साधा बटणांचा फोन. बँकेत नोंदलेलं सिम त्यात घालायचं, आणि त्या फोनवर दुसरं काही नाही. लग्नपत्रिका, आरटीओचं चलान, पीएम किसान अशा नावांनी व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या एपीके फाइली (ॲप टाकणाऱ्या फाइली) फोनमधले एसएमएस चोरतात; बटणांच्या फोनवर त्या चालतच नाहीत. तो फोन भाऊंच्या कपाटात असतो आणि दिवसातून एकदा बाहेर निघतो. रिचार्ज मात्र विसरायचा नाही, नाहीतर सिमच बंद पडतं.

एकदा कधी? चार ते पाच. या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा बदल हाच. पुरवठादार, ट्रान्सपोर्ट, सुटे भाग, पगार, सगळी देणी दुपारी चार ते पाच या वेळेतच होतात. भाऊ तेव्हा टेबलावर बसतात, मोबाइल उलटा ठेवतात. दिवाणजी बँकेच्या पोर्टलवर नोंद करतात, भाऊ स्वतःच्या लॉगिनने मंजुरी देतात. त्या तासाबाहेर कुणी 'अर्जंट' म्हणालं तर उद्या चारला.

दिवाणजींना हे लागलं.

"म्हणजे माह्यावर भरोसा नाही राह्यला."

मुलीने समजावलं ते असं: "काका, सोमवारी पहिलं बोट कोणाकडे आलं? तुमच्याकडे. दोघांची मंजुरी असली तर ते बोट एकट्यावर येत नाही." दिवाणजी काही बोलले नाहीत, पण दुसऱ्या दिवशी चारला डायरी घेऊन आधीच येऊन बसले. भाऊंनी त्यांची माफी मागितली की नाही ते ऑफिसात कुणाला माहीत नाही.

कापसाचे चुकारे, म्हणजे शेतकऱ्यांना द्यायचे पैसे, या तासात बसेनात. शेतकरी गाडी खाली करून पैशासाठी थांबलेला असतो, त्याला उद्या चारला ये म्हणणं शक्य नाही आणि योग्यही नाही. दोन-चार दिवस ओढाताण झाली, मग चुकाऱ्यासाठी सकाळी अकराला आणि संध्याकाळी सातला वेगळ्या वेळा ठेवल्या. काटापावती आणि पासबुकाची झेरॉक्स जुळल्याशिवाय खातं जोडायचं नाही आणि चुकाऱ्याच्या खात्याला रोजची मर्यादा.

खात्याबद्दल दोन्ही बाजूंचा नियम केला. आपल्या प्रत्येक बिलावर ठळक छापलं: आमचं बँक खाते मेल किंवा व्हॉट्सॲपवरून बदलत नाही, तसा निरोप आला तर तुमच्या जुन्या वहीतल्या नंबरावर फोन करून आमच्याशी बोला. आणि आपल्याला कुणी खातं बदलल्याचं कळवलं तर दिवाणजींनी मेलमधल्या नंबरावर नाही, जुन्या खतावणीतल्या नंबरावर फोन करायचा. एक रुपया पाठवून पाहण्याची पद्धत अनेक ऑफिसांत आहे. तिने खातं अस्तित्वात आहे हे कळतं, कुणाचं आहे याची खात्री होत नाही. रिझर्व्ह बँकेने १ एप्रिल २०२५ पर्यंत सगळ्या बँकांना आरटीजीएस-एनईएफटीपूर्वी खातेदाराचं नाव दाखवायची विनाशुल्क सोय द्यायला सांगितलं होतं. ती वापरायलाच हवी. पण चोर मिळत्याजुळत्या नावाने खातं उघडू शकतो, तेव्हा फोन टळत नाही.

पैशाच्या कोणत्याही मेसेजला अंगठा पाठवायचा नाही, हेही ठरलं. उत्तर द्यायचं तर रक्कम आणि खात्याचे शेवटचे चार आकडे स्वतः लिहून. तेवढं लिहिताना माणूस आपोआप वाचतो.

बाकीचं थोडक्यात. काट्यावरचा कॉम्प्युटर विंडोज १० वर होता, त्याला कंपनीकडून मिळणारा सुरक्षेचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. त्याला इंटरनेटपासून तोडला, वजनापुरता ठेवला. टॅलीचा बॅकअप दोन डिस्कवर, आलटून-पालटून, एक कायम भाऊंच्या घरी. डिजिटल सहीचा टोकन यवतमाळहून परत आणला. सीएंना आवडलं नाही.

काय जमलं नाही

पासवर्ड मॅनेजर, म्हणजे सगळे पासवर्ड जपून ठेवणारं ॲप, दिवाणजींनी चार दिवस वापरून सोडला. प्रत्येक खात्याचा वेगळा, लांब पासवर्ड असलेली वही आता तिजोरीत असते. तज्ज्ञ नाक मुरडतील, पण चेन्नईतला किंवा झारखंडमधला चोर या तिजोरीपर्यंत येत नाही. एकच पासवर्ड दहा ठिकाणी वापरणं त्याहून कितीतरी वाईट. दर महिन्याला पासवर्ड बदलायचा नियम मुलीने मुद्दामच केला नाही. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेनेही २०१७ पासून उगाच ठरावीक काळाने बदलायला लावू नका, फुटल्याचा संशय आला तरच बदला, असं सांगितलं आहे. सक्तीने बदलायला लावलं की माणूस शेवटचा आकडा एकने वाढवतो.

जीएसटीचा मुख्य नंबर अजून भाऊंचाच आहे. आणि भाऊ स्वतः नियम मोडतात. सरकीच्या एका व्यापाऱ्याचं देणं त्यांनी दुपारी बाराला, गाडीत बसून, स्वतःच करून टाकलं. दिवाणजींनी वहीत त्यापुढे लाल पेनाने वेळ लिहून ठेवली. ते पाहून भाऊ काही बोलले नाहीत, पण तसं पुन्हा झालं नाही. नियम मालकाला लागू आहे की नाही याचा निकाल ऑफिसात असाच लागतो, आणि तो लावायला दिवाणजींसारखा माणूस लागतो.

गोठलेले नऊ लाख अजून सुटलेले नाहीत. ते मिळायला कोर्टाचा आदेश लागतो आणि अर्ज गिरणीच्या बाजूने झालेला आहे.

फेब्रुवारीत जिनच्या रोलरचे सुटे भाग देणाऱ्या पुरवठादाराचा मेल आला: आमचं खातं बदललं आहे, यापुढे नव्या खात्यात पैसे टाकावेत. दिवाणजींनी खतावणीतला जुना नंबर काढला आणि फोन लावला. त्या दिवशी तो लागला नाही, म्हणून पैसे गेले नाहीत. पुरवठादाराचा माणूस संध्याकाळी ऑफिसच्या नंबरावर तणतणला, माल अडवून ठेवीन म्हणाला. दिवाणजींनी त्याला त्याच्या मालकालाच जुन्या नंबरावरून फोन करायला सांगा म्हणून सांगितलं. मालकाचा फोन दुसऱ्या दिवशी अकराला आला. खातं खरंच बदललं होतं. चारला पैसे गेले, रोलर तिसऱ्या दिवशी पोहोचले, आणि एक जिन तोवर बंद राहिला.